जॉर्जमामांचा मागचा बाक

न्हावरे, ता. शिरूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा आणि ती. मामी यांस,
ब्लेसनचा सप्रेम सलाम. वि. वि.

मामा, तुम्ही माझ्या पिशवीत कोंबलेल्या पाकिटांतलं हे पहिलं. तिकीट लावलेलं, पत्ता घातलेला. म्हंजे हरवलं, विसरलो, तिकीट मिळालं नाही, यातलं एकही कारण सांगायची सोय तुम्ही ठेवली नाही. चांगदेवभाऊ विचारत होते, खिशात फोन असताना हा काय प्रकार. मी म्हणालो, आमच्या मामांचं म्हणणं असं हाय की मी फोनवर सर्रास खोटं बोलतो आणि कागदावर खोटं लिहायचा मला कंटाळा येतो. ते एवढे हसले की बशीतला चहा लेंग्यावर सांडला.

चांगदेवभाऊ म्हंजे माझे सध्याचे मालक. सध्याचे म्हणालो की मामी कपाळाला हात लावणार. लाव. त्यांच्याकडं मधमाश्यांच्या पेट्या आहेत, त्या डोंगळ्याच्या प्लॉटात ठेवायच्या. डोंगळे म्हंजे बियाण्याचा कांदा. त्याला चेंडूसारखी पांढरी फुलं येतात, आणि माशी फिरली तरच बी धरतं. इथलं फूल सरलं की पेट्या उचलून पुढच्या शेतात. हा धंदा देवानं माझ्यासाठीच काढलाय. माश्यापण एका जागी थांबत नाहीत, पण त्यांना कुणी वाया गेल्या म्हणत नाही.

बरं, मूळ मुद्दा राहिलाच. गेल्या रविवारी घरी आलो तेव्हा मामा खुर्चीतून उठताना टेबलावर दोन्ही हात रेटून उठले. मी म्हणालो, मामा, म्हातारे झालात की. तुम्हीपण हसलात. पण स्टँडवर सोडायला आलात तेव्हा पायरीपाशी माझा खांदा धरलात. तुम्ही कधी कुणाचा खांदा धरत नाही. हृदयात स्प्रिंग बसवायला नेलं तेव्हा स्ट्रेचर नको म्हणून वॉर्डबॉयशी भांडलेला माणूस. डॉक्टरांना दाखवा. गोळ्या चुकवत नाही ना? मामी, तू लक्ष ठेव.

तिकडचा लोभ इकडं पोचत राहू दे. चपात्यांचा डबा पोचला तरी चालेल.

तुमचा,
ब्लेसन


शिरूर
१४ मार्च २०२५

चि. ब्लेसन यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने सुधारून ठेवल्या आहेत, आलास की दाखवीन. मजकूर मात्र खरा वाटला, म्हणजे नियम बरोबर आहे.

गोळ्या मी चुकवत नाही. रात्रीची प्रार्थना झाली की कोलेस्टेरॉलची गोळी, हा क्रम स्प्रिंग बसवल्यापासून दोन वर्षांत कधी मोडलेला नाही. तुझी मामी म्हणते, आमेन म्हणायच्या आधीच माझा हात तांब्याकडे जातो.

आता बातमी. तुला ती दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. या महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, द्राक्षरसाच्या प्याल्यांचे तबक माझ्या हातून पडले. हात आताशा खांद्याच्या वर जात नाही, आणि वेदीपुढच्या पायरीवर पाय उचलताना गुडघा एकदम मुडपला. काचा पहिल्या बाकापर्यंत गेल्या. मी खाली बसलो तो मला उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचलले. इतकी वर्षे चर्चचा पंच म्हणून तबक धरतो आहे, थेंब सांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्याबा, आपल्या चर्चचे खजिनदार, स्वतःच्या स्कूटरवरून मला दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासले. लिव्हरचे आकडे पाच-सहा पट वाढलेले निघाले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहून विचारले, रोज किती घेता? मला वाटले चहा. मी म्हणालो, दोन कप. डॉक्टर हसले. तात्याबा हसले नाहीत. मग अर्थ कळल्यावर मी सांगितले की जन्मात शिवलो नाही. डॉक्टर म्हणाले, या खुर्चीत बसून सगळे हेच सांगतात. लिव्हरसाठी म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी तूर्त बंद केली आहे आणि 'ते दुसरे'ही बंद करा असे बजावले आहे.

पुढचे तू ताडले असशील. तात्याबांनी दवाखान्यातले सगळे पंचांच्या कानावर घातले. तुला आपल्या मंडळीतला ठराव माहीत आहे. पंचावर आरोप आला तर चौकशी संपेपर्यंत त्याने मागच्या बाकावर बसावे आणि स्वतःच्या बाजूने बोलू नये. ठराव मीच मांडला होता, एका भांडकुदळ पंचाला आवर घालायला. आता माझ्या जागी मी तो मोडला तर त्याला अर्थ काय राहिला? म्हणून गेल्या रविवारपासून मागे बसतो. तिथे पंख्याचा वारा चांगला लागतो.

केस तुझी मामी विंचरून देते. भांग चुकीच्या बाजूला पाडते, पण मी बोलत नाही.

येत जा. न आल्यास लिहीत जा. प्रभू तुला सांभाळो.

तुझा मामा,
जॉर्ज


न्हावरे
२२ मार्च २०२५

ती. मामा यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. पेटीचं झाकण उघडं टाकून वाचत बसलो आणि कानामागं तीन माश्या चावल्या. त्यांच्यावर राग नाही. त्या निदान समोरून येतात.

तात्याबांना म्हणावं काय? तुमच्या घरात ख्रिसमसच्या केकमध्येसुद्धा रम चालत नाही. मी कॉलेज सोडून आलो तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, पण त्या गोव्याच्या ट्रिपनंतर माझ्या बॅगेत बिअरचं नुसतं झाकण सापडलं तर दोन दिवस जेवला नाहीत. आणि तुमच्या लिव्हरवरून हे लोक दारू मोजणार? रक्ताचा रिपोर्ट म्हंजे काय चारित्र्याचा दाखला हाय का? इथं न्हावऱ्यात मारुतराव म्हणून एक आहेत, सकाळी दूध डेअरीवर घालून येतानाच लावतात, त्यांचा रिपोर्ट धुतल्या तांदळासारखा असेल, मी पैज लावतो.

आणि तुम्ही! खरं सांगू, जास्ती राग तुमच्यावर आलाय. उभं राहून एकदा मोठ्यानं सांगायचं, मी पीत नाही, संपलं. ठराव गेला खड्ड्यात. वाऱ्याचं काय कौतुक सांगता मला.

मी काय केलं ते पण सांगतो, नाहीतर नंतर कळेल. गोळीनंच हे झालं असणार, असं माझ्या मनानं घेतलं, कारण चांगदेवभाऊंच्या शेजारी एकाचे पाय त्याच गोळीनं दुखायचे आणि बंद केल्यावर थांबले. मग मी गावात सगळ्यांना सांगत सुटलो की कोलेस्टेरॉलच्या गोळ्या फेकून द्या. चांगदेवभाऊंच्या आईंनी, सोजराबाईंनी, आख्खं पाकीट उकिरड्यावर टाकलं. तर आता तुमची गोळी बंद झालीच आहे, म्हंजे ईस्टरपर्यंत तुम्ही पळायला लागाल. मग बघतो तात्याबांकडं.

डोंगळ्याचं फूल सरत आलंय. पुढं कुठं जाईन ते कळवीन.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
ब्लेसन


शिरूर
२१ एप्रिल २०२५

चि. ब्लेसन,
मामीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, ते काम तुझ्या मामांचं. फोन केला असता, पण आपल्या दोन खोल्यांत कुठंही बसून बोललं तरी त्यांना ऐकू जातं.

काल ईस्टर झाला. तू म्हणाला होतास पळायला लागतील. पळणं राहू दे, काल चर्चला मी आणि रिक्षावाल्यानं त्यांना धरून उतरवलं. गोळी बंद होऊन सात आठवडे होत आले, आणि माणूस रोज थोडा थोडा खचत चाललाय. मोरीत बसले की उठता येत नाही. अंथरुणात कुशीवर वळायला मला हाक मारतात. परवा भाकरीचा घास घशात अडकला, डोळे पांढरे केले, मी पाठीत बुक्क्या घातल्या तेव्हा उतरला. आता भाकरी दुधात कुस्करून देते.

परत त्याच डॉक्टरकडं नेलं. रक्त परत तपासलं, आकडे आणखी चढलेले. तर डॉक्टर म्हणतो, गोळी तर केव्हाच थांबवली, मग गोळीचा काय संबंध? तुम्ही काहीतरी लपवताय. माझ्याकडं बघून म्हणतो, बाई, घरातली कपाटं तपासा. अरे, कपाटं! मी पस्तीस वर्षं त्या कपाटात घड्या लावते. मी म्हणाले, डॉक्टर, तुमच्या घरातली तपासली का? तर म्हणे पुढचा पेशंट पाठवा.

तात्याबा येऊन गेले. काळजीनं आलोय म्हणाले. बसल्या बसल्या सगळ्या खोलीचा वास घेत होते, नाक वर करून, मांजरासारखे. जाताना मला दारात म्हणाले, वहिनी, पुण्याला सोडवायची केंद्रं असतात, लाज बाळगू नका. मी दार लावून घेतलं, त्यांच्या चपला आत राहिल्या. मग खिडकीतून टाकल्या.

आणि आता जे लिहिते ते कुणाला म्हणून सांगू नकोस. त्यांना तर नाहीच नाही. सगळे म्हणतात, डॉक्टर म्हणतो, रिपोर्ट म्हणतो, आणि समोर माणूस झोकांड्या देतो. मी काय दगडाची आहे? परवा दुपारी त्यांचा डोळा लागला होता. मी उशी सारखी करायचं निमित्त केलं, वाकले, आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. लवंगेचा वास होता. दात दुखतो म्हणून लवंग धरली होती. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्यांच्यावर संशय घेणारे बाहेर पुष्कळ होते रे, त्यात घरातली एक वाढली.

तू ये. कसलाही हो, कुठलंही काम सोडून ये, तसंही सोडतोसच.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेली,
मामी


दौंड
५ मे २०२५

ती. मामी हिला,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र फिरत फिरत आज सकाळी हातात पडलं. न्हावऱ्याहून चांगदेवभाऊंनी पाठवलं, कारण मी पेट्या सोडल्या. डोंगळे संपले, भाऊ पेट्या घेऊन वर घाटाकडं निघाले आणि मला अचानक घाट नको वाटला. आता दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं खोली घेऊन मी आणि एक रूम पार्टनर असे दोघं राहतो, आणि कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत ठेकेदाराकडून लागलोय. लागलोय म्हंजे लागता लागता राहिलो होतो, तेच सांगायचंय. हे नीट वाच, मधे भाजी बघायला उठू नकोस.

कंपनीत घ्यायच्या आधी मेडिकल करतात. रक्त, लघवी, डोळे. माझा रिपोर्ट आला तर त्यावर लाल गोल. लिव्हरचे आकडे वाढलेले! तेच, जे मामांचे. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, भाई, पीता है क्या, जा घर. मी मनात म्हणालो, झालं, मामांचं भूत मला लागलं. खरं सांगू तर मी आदल्या शनिवारी एक बिअर घेतली होती. कागदावर खोटं लिहिता येत नाही, बघ. मामांना सांगू नको.

पण तिथल्या डॉक्टर, स्नेहल मॅडम, त्यांनी मला आत बोलावलं. हसल्या न्हाईत, रागावल्या न्हाईत. विचारलं, दोन दिवसांत वजनं उचललीस का? मी म्हणालो, मॅडम, अख्ख्या ट्रकभर पेट्या उचलल्या, वर चढवल्या, हात लोंबकळतायत अजून. मग त्या म्हणाल्या, हे दोन आकडे लिव्हरचे म्हणून ओळखले जातात, पण ते स्नायूतपण असतात. स्नायू झिजला, फाटला, तर तिथूनही ते रक्तात उतरतात. स्नायूचं वेगळं तपासायला सीपीके म्हणून टेस्ट असते. माझी केली. वाढलेली. आठवडाभर काही उचलू नको म्हणाल्या, परत केली, उतरली. आणि लिव्हरचे आकडेपण आपोआप जागेवर. मला कामाला घेतलं.

मामी, तुला कळतंय का? मी पितो आणि मी सुटलो. मामा पीत नाहीत आणि ते मागच्या बाकावर बसलेत! का? तर मला कुणीतरी विचारलं की बाबा, तू काय उचललंस, आणि मामांना विचारलं, किती घेता. एवढाच फरक. तुमच्या डॉक्टरला एक टेस्ट सुचली न्हाई. माणूस हात वर करू शकत नाही, खुर्चीतून उठू शकत नाही, घास गिळू शकत नाही, आणि हा कपाटं तपासा म्हणतो!

मी मामांचं सगळं मॅडमना सांगितलं. गोळी बंद करूनही वाढतंय, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ते ऐकून तर जास्त घाई करा. सीपीके करा आणि थेट पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडं न्या, घशाला त्रास आहे तर थांबूच नका.

हे पत्र पोचेपर्यंत मी थांबणार नाही. उद्याची पहिली शिफ्ट बुडवून गाडी घेऊन येतोय, मग हे पत्र तुला मी येऊन गेल्यावर मिळेल, पण अर्धं लिहून झालं होतं म्हणून पुरं केलं. ते वासाचं कुणाला सांगणार नाही. पण तू रडू नकोस. तू निदान जवळ जाऊन बघितलंस.

भेटतोच. मायेत कमी पडू नकोस, मामांसाठी तर नकोच नको.

तुझा,
ब्लेसन


पुणे
२९ मे २०२५

चि. ब्लेसन यास,
मामाचे आशीर्वाद.

तू शिफ्टवर परत गेलास ते बरे केलेस. इथे तू रोज एका नर्सशी भांडत होतास. हे पत्र मांडीवर वही ठेवून लिहितो आहे. गंमत बघ, पंजा आणि बोटे शाबूत आहेत, लिहिता येते, पण चष्मा डोळ्यावर चढवायला तुझी मामी लागते.

सगळे निकाल आले. शिरूरला सीपीके केली तेव्हाच आकडा नऊ हजारांच्या वर होता, दोनशेच्या आत पाहिजे तो. इथे सुया टोचून स्नायू तपासले, मांडीतला एक तुकडा काढला आणि रक्त लांबच्या प्रयोगशाळेत पाठवले. तू कोणाला सांगताना गोंधळ घालशील म्हणून डॉक्टरांनी सांगितले ते सरळ लिहितो. कोलेस्टेरॉल कमी करणारी ही गोळी शरीरातल्या एका घटकाला अडवते. ती घेणाऱ्या लाखात दोन-तीन जणांच्या अंगात असे होते की शरीराची राखण करणारी यंत्रणा त्याच घटकाला शत्रू समजू लागते, आणि तो स्नायूंत असतो म्हणून स्वतःचेच स्नायू खायला सुरुवात करते. गोळी थांबवली तरी ती थांबत नाही, कारण आता तिला गोळीची गरज उरलेली नसते. साधे पाय दुखणे गोळी बंद केल्यावर जाते, हे जात नाही. म्हणून 'गोळी तर थांबवली' हे म्हणणे माझ्या विरुद्ध गेले.

मी सुतारकाम शिकवण्यात आयुष्य घातले. वाळवी बाहेरून येते, तिच्यावर उपाय मला माहीत आहे. पण करवतच रात्री उठून आपले टेबल कापू लागली तर काय करायचे, हे पहिल्यांदाच पाहतो आहे. त्या करवतीला झोपवणारी औषधे चालू झाली आहेत. स्टिरॉइड, आणखी एक गोळी, आणि पाच दिवस सलाइनमधून एक औषध दिले. घास आता गिळता येतो. काल भाकरी मागितली, मिळाली नाही, ब्रेड मिळाला. पायांना वेळ लागेल, महिने लागतील. ती गोळी मात्र मला आयुष्यात परत नाही. हृदयासाठी दुसरे काही देणार आहेत.

आता रागावतो. तू न्हावऱ्यात लोकांना गोळ्या फेकायला लावल्यास. त्या सोजराबाईंना झटका येऊन गेलेला आहे असे तूच म्हणाला होतास. त्या गोळीने लाखो लोक जगतात, कदाचित दोन वर्षे मीही तिच्यामुळेच जगलो. ज्याचे स्नायू खचू लागले त्याने डॉक्टरला सांगावे आणि सीपीके मागावी, एवढेच. आपल्या मनाने बंद करणे म्हणजे तात्याबांनी केले तेच तू केलेस, पुरते माहीत नसताना निकाल. सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्याला जा आणि त्या बाईंना समक्ष सांग. लिहून कळव.

तात्याबांशी भांडायला जाऊ नकोस. हे मी ठळक अक्षरात लिहितो आहे.

कृपा असो, आणि थोडी अक्कलही असो.

तुझा मामा,
जॉर्ज


दौंड
१२ जून २०२५

ती. मामा यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

आधी चांगली बातमी. न्हावऱ्याला जाऊन आलो. सोजराबाईंनी मला अंगणातच धरलं. म्हणाल्या, मेल्या, तुझ्या नादानं माझा पोरगा मला दवाखान्यात घेऊन गेला, डॉक्टरनं माझी बिनपाण्यानं केली, गोळी व्हती ती परत चालू, आन् तू आता सांगाया आलाय व्हय? मग चहा दिला. वर मधाची बाटली दिली, तुमच्यासाठी आहे, अर्धी पोचेल.

आता वाईट. तुमची ठळक अक्षरं वाचली. वाचल्यावरच गेलो.

काय करू? मला कुणावर तरी चिडायचं होतं. आधी कंपनीवर चिडून बघितलं. स्नेहल मॅडमना म्हणालो, तुम्ही लोक विष बनवता. त्यांनी शांतपणे विचारलं, तुझे मामा स्प्रिंगनंतर दोन वर्षं कशानं धडधाकट होते? मग त्या डॉक्टरवर चिडलो. पण त्याच्याकडं गेलो तर रांगेत शंभर माणसं, तो एकटा, घामाघूम. त्याला पुण्याचे कागद दाखवले. त्यानं दोनदा वाचले आणि म्हणाला, मी हे आजवर पाहिलं नव्हतं. ते मान्य हाय. पण पाहिलं नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं, दारुडा कशाला म्हणायचं? हे मी त्याला विचारलं. त्यानं सीपीकेचा आकडा आपल्या वहीत उतरवून घेतला आणि कागद परत दिले.

मग उरले तात्याबा. त्यांच्या ओट्यावर बसलो, पाणीपण घेतलं नाही. सगळं समजावलं, करवत-टेबल सकट. तर ते म्हणतात, अरे, चांगलंच झालं की, देवाची कृपा. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या सेवेच्या यादीत जॉर्जभाऊंचं नाव परत घालू, झालं गेलं, उगाच चर्चा नको. मी म्हणालो, चर्चा नको? तुम्ही चर्चा बाजारपेठेपर्यंत नेलीत, माझ्या दौंडच्या रूम पार्टनरच्या चुलतभावाला ठाऊक हाय की शिरूरचा एक पंच दारूनं पडला! पडला ते सगळ्या गावाला ऐकवायचं आणि उठला ते कानात सांगायचं, हा कुठला न्याय? ते म्हणाले, तू अजून लहान आहेस. मी म्हणालो, तुमच्या चपला परत कुठं राहू नयेत एवढं बघा. आणि आलो.

आता रागवा. पण मामा, तुम्ही गप्प राहून घरी येणार आणि ते यादीत नाव घालणार, एवढ्यावर मी ऐकणार नाही. तुमचा ठराव तुम्हाला बोलू देत नसेल तर मी येऊन वेदीवर चढतो.

राग कमी झाला की नेहमीसारखं प्रेम करा.

तुमचा,
ब्लेसन


शिरूर
२१ जुलै २०२५

चि. ब्लेसन यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मध पाऊण पोचला. त्याबद्दल आभार आणि आश्चर्य.

वेदीवर चढायची तुला गरज उरली नाही. काल रविवार होता. मी अजून मागच्याच बाकावर. आता भिंतीला धरून चार पावले चालतो, सीपीके हजाराच्या खाली आली आहे, पण गीताला उभे राहणे जमत नाही. सूचना वाचायला तात्याबा उठले. सुगीच्या सणाच्या देणगी-लिलावासाठी कोंबड्या कोणी आणायच्या ते वाचले, आणि त्याच दमात वाचले की पुढच्या महिन्यापासून प्रभुभोजनाच्या सेवेला बंधू जॉर्ज. जणू मी गावाला गेलो होतो.

ठरावाप्रमाणे मी काही बोललो नाही. पण त्या ठरावात बायकोचा उल्लेख नाही. लिहिताना माझ्या लक्षातच आले नव्हते.

तुझी मामी बायकांच्या बाजूने उठली. ती चर्चमध्ये कधी बोललेली नाही, गातेसुद्धा हळू. म्हणाली, तात्याबा, कोंबड्यांच्या यादीत माझ्या नवऱ्याला घालू नका. मग तिने त्या आजाराचे सगळे सांगितले, थोडे चुकीचे, पण समजेल असे. आणि म्हणाली, या मंडळीत सगळ्यांनी यांच्या तोंडाचा वास घेतला. तुम्ही लांबून घेतलात, मी जवळून घेतला. झोपेत, चोरासारखी वाकून. मी यांची बायको, आणि मी वास घेतला. मला त्याची लाज वाटते आणि मी ती चारचौघांत सांगते आहे. आता ज्याला वाटते त्याने पण चारचौघांतच सांगावे. कानात सांगितलेले आम्हाला नको.

पाळकसाहेब पवित्र शास्त्राची पाने उलटत राहिले. मग तात्याबा पुढून निघाले. मधली वाट लांब आहे, आणि त्यांना ती काल फारच लांब पडली असावी. माझ्या बाकापाशी येऊन त्यांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे, सांगितले की माझे चुकले. हात पुढे केला. बसून हात मिळवणे मला बरे वाटेना. पुढच्या बाकाची पाठ धरून मी उठलो. वेळ लागला. तुझी मामी मदतीला आली नाही, तिला कळले होते. उभा राहून हात मिळवला, आणि खाली बसलो.

पंचाची जागा मी घेतलेली नाही. आधी तो ठराव बदला असे लिहून दिले आहे. माणसाला स्वतःच्या बाजूने बोलता आले पाहिजे. हे मला तू मार्चमध्येच लिहिले होतेस, फार वाईट शब्दांत.

घरी आल्यावर ती रडली. म्हणाली, तुम्ही विचारत का नाही, मी कधी वास घेतला ते? मी म्हणालो, जेवायला वाढ.

तुला सांगतो. त्या दुपारी मी जागा होतो. ती वाकली तेव्हा मला तिचा श्वास लागला, आणि काय चालले आहे ते कळले. बाकीच्यांनी न तपासताच ठरवून टाकले होते, ती एकटी नीट तपासून पाहत होती. तिला व्यवस्थित वास घेता यावा म्हणून मी तोंड थोडे उघडे ठेवले.

हे मी तिला अजून सांगू शकलेलो नाही. मला अजून पोस्टापर्यंत चालता येत नाही, म्हणून हे पत्र टाकायला तीच जाणार आहे. पाकीट मी चिकटवलेले नाही.

आमच्या दोघांवरचा लोभ असाच राहू दे.

तुझा मामा,
जॉर्ज